नेमान्या विदिच खरोखर मोठा बचावपटू होता, की रिओ फर्डिनंडमुळे मोठा दिसला?

प्रश्नाखाली आपण दोन ओळींचा खुलासा जोडला आहे. लिव्हरपूलचा आघाडीपटू टोरेस याच्यासमोर विदिचची जी फजिती झाली ती पाहता त्याला मोठा म्हणणे आपल्याला पटत नाही, आणि आपला चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळत असल्यामुळे त्याने विदिचचे जुने सामने पाहावेत की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. एरवी मी अशा प्रश्नांवर लिहीत नाही. परंतु ‘फजिती’ हा शब्द विदिचच्या संदर्भात आमच्या घरात २००९ पासून वापरला जातो आणि त्यातला निम्मा माझ्यासाठी असतो, म्हणून हे उत्तर लिहिणे मला भाग आहे.

मँचेस्टर युनायटेडच्या बचावफळीत शेजारी खेळणाऱ्या फर्डिनंडमुळे विदिच मोठा झाला, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. ते म्हणणाऱ्यांनी विदिचला केवळ मँचेस्टर युनायटेडच्या लाल जर्सीतच पाहिलेले असते. २००६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी आठवून पाहा. सर्बिया आणि माँटेनेग्रो हा तेव्हा एक देश होता, गटात स्पेन, बेल्जियम आणि बोस्नियासारखे संघ होते, आणि विदिच, क्रस्तायिच, गाव्रांचिच व द्रागुतिनोविच या चौघांच्या फळीने दहा सामन्यांत मिळून एकच गोल पत्करला. तोही माद्रिदमध्ये, राउलचा. तिथे फर्डिनंड कुठे होता? पुढे प्रत्यक्ष विश्वचषकात पहिल्या सामन्याला विदिच निलंबनामुळे मुकला आणि नंतर सरावात गुडघा दुखावल्यामुळे एकही मिनिट खेळू शकला नाही. त्या तीन सामन्यांत त्याच संघाने दहा गोल पत्करले, त्यांतले सहा एकट्या अर्जेंटिनाचे होते. स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी माँटेनेग्रो वेगळा झालेला होता आणि जो संघ मैदानात उतरला त्याचा देशच उरलेला नव्हता, हेही खरे आहे. त्यामुळे दहाच्या दहा गोल विदिचच्या गैरहजेरीवर टाकणे रास्त होणार नाही. पण निम्मे मी टाकतो.

दुसरा पुरावा युनायटेडमधलाच आहे. २००८-०९ च्या मोसमात युनायटेडने लीगचे सलग चौदा सामने एकही गोल न पत्करता काढले आणि गोलरक्षक एडविन व्हॅन डर सारने १,३११ मिनिटे आपली जाळी कोरी ठेवली. त्या काळात फर्डिनंड पाठीच्या दुखण्यामुळे कित्येक आठवडे बाहेर होता आणि विदिचच्या शेजारी जॉनी एव्हान्स हा एकवीस वर्षांचा मुलगा खेळत होता. ११ जानेवारी २००९ रोजी चेल्सीला ३-० असे हरवले तेव्हाही जोडी विदिच-एव्हान्स हीच होती आणि पहिला गोल विदिचने हेडरने केला. फर्डिनंड नसतानाही भिंत उभी राहते आणि विदिच नसला की ती डळमळते, याचे उदाहरण त्याच मोसमात पुढे येते. ते मी योग्य जागी सांगतो.

दोघांची कामे वेगळी होती, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. विदिच चेंडूवर जायचा आणि फर्डिनंड मागची जागा राखायचा. जो चेंडूवर जातो तो चुकला की सगळ्या मैदानाला दिसतो. जो जागा राखतो त्याची चूक पुष्कळदा बॅकच्या किंवा गोलरक्षकाच्या नावावर लागते. फर्डिनंड दिसायला देखणा खेळायचा, पायात चेंडू असताना सावकाश असायचा, आणि आपल्याकडे देखणेपणालाच अक्कल समजण्याची रीत आहे. विदिच बुटांच्या गर्दीत डोके घालायचा, म्हणून तो नुसता धाडसी ठरला. कोणत्या चेंडूवर डोके घालायचे, हे दर वेळी अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते आणि त्याला अक्कल लागते, हे स्टॉपर खेळल्याशिवाय कळत नाही.

मी स्टॉपर खेळलो आहे. कोल्हापुरात, आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडून, सुमारे नऊ मोसम. विदिच आणि मी एकाच वर्षी, १९८१ साली जन्मलो, एवढेच आमच्यातले साम्य आहे असे मी नम्रपणे म्हणेन. माझा आतेभाऊ मात्र दुसरेही एक साम्य सांगतो आणि त्यावरूनच आमचा वाद आहे. हा आतेभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असून आमचा गोलरक्षक होता. मी त्याला दादा म्हणतो.

२००४ च्या मे महिन्यात एका स्पर्धेचा उपांत्य सामना होता. त्याच मोसमात तिकडे बेलग्रेडमध्ये बावीस वर्षांचा विदिच रेड स्टारचा कर्णधार म्हणून लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे घेऊन मॉस्कोच्या स्पार्टाककडे निघालेला होता, याचा मला अर्थातच पत्ता नव्हता. सामना गोलशून्य होता आणि पाचेक मिनिटे उरली होती. समोरच्या गोलरक्षकाने लांब किक मारली. चेंडू उन्हातून खाली येत होता, मी दोन पावले पुढे टाकली, मान ताठ केली, आणि त्याच क्षणी पाठीमागून ‘सोड!’ अशी हाक माझ्या कानावर पडली. मी डोके खाली घेतले. चेंडूच्या एका पाकळीची शिवण उसवलेली होती आणि ती मला स्पष्ट दिसली, इतक्या जवळून तो गेला. मे महिन्यातले मैदान फरशीसारखे कडक असते. चेंडू माझ्या मागे टप्पा घेऊन छातीपेक्षा वर उसळला, दादा अजून गोलरेषेवरच होता, आणि त्यांचा आघाडीपटू आम्हा दोघांच्या मधून धावत येऊन चेंडू डोक्याने जाळीत ढकलून समर्थकांकडे पळालासुद्धा.

सामना संपल्यावर दादा बाकावर बसून बोटांवरची चिकटपट्टी सोलत होता. वर न पाहता तो म्हणाला, “मी हाक मारलीच नाही.” मी म्हणालो, “दादा, मी ऐकली.” तो म्हणाला, “मग कुणाची ऐकलीस ते तूच शोध.” घरी आत्याने दोघांपुढे चहा ठेवला आणि तो दोघांनीही गार होऊ दिला. पुढची गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. पेठेत माझे नावच ‘सोड’ पडले. पानाच्या टपरीवर उभा राहिलो तरी “सोड आला, सोड आला” असे चालायचे, आणि २००७ साली माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीला, नेमक्या अक्षता पडण्याच्या वेळी, मंडपाच्या मागच्या बाजूने कोणीतरी खणखणीत आवाजात “सोड!” असे ओरडले. बायकोच्या माहेरचे लोक आजही त्याचा अर्थ विचारतात.

आता आपल्या टोरेसकडे येतो. १४ मार्च २००९, शनिवार, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वासहाचा सामना, ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. मी दादाच्या घरी होतो. अवघ्या तीन दिवसांपूर्वी विदिचने इंटर मिलानविरुद्ध चौथ्याच मिनिटाला कॉर्नरवर हेडरने गोल केलेला होता आणि मी त्या आठवड्यात दादाला विदिच या विषयावर बरीच व्याख्याने दिली होती. रोनाल्डोच्या पेनल्टीने युनायटेड पुढे गेले. मग २८ व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या बचावफळीतून एक लांब, अगदी साधा चेंडू आला. विदिच त्याच्याखाली होता. एरवी असा चेंडू तो डोक्याने पन्नास यार्ड परत पाठवायचा. त्या दिवशी त्याने टप्पा पडू दिला, टोरेसने मागून येऊन तो काढून घेतला आणि १-१ झाले. दादा सोफ्यावरून उठला, माझ्याकडे पाठ करून दूरदर्शन संचाला उद्देशून म्हणाला, “बघा, ह्यांचा विदिच पण सोडच निघाला.” नंतर युनायटेडच्याच एव्हराच्या चुकीवर पेनल्टी, ७६ व्या मिनिटाला जेरार्डला खेचल्याबद्दल विदिचला लाल कार्ड, त्याच फ्री किकवर तिसरा गोल, शेवटी चौथा. १-४.

याला आपण फजिती म्हणता. म्हणा. पण पुढचे पाहा. पुढच्या शनिवारी विदिच निलंबनामुळे बाहेर होता आणि युनायटेड फुलहमकडून ०-२ असे हरले. मघाशी राखून ठेवलेले उदाहरण ते हेच. त्यानंतर तो परतला, युनायटेडने ९० गुण मिळवून लिव्हरपूलला चार गुणांनी मागे टाकत विजेतेपद राखले, आणि प्रीमियर लीगने त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून विदिचचीच निवड केली. दोन मोसमांनी, २०१०-११ मध्ये, तो मान त्याला पुन्हा मिळाला. बचावपटूंना असले पुरस्कार सहसा कोणी देत नाही. त्या दुसऱ्या वेळी तो कर्णधार होता आणि युनायटेडचा एकोणिसावा, म्हणजे लिव्हरपूलच्या अठरांना मागे टाकणारा, करंडक त्याच्याच हातून वर गेला. लिव्हरपूलसमोर तीन लागोपाठच्या लीग लढतींत लाल कार्ड घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आले, यातली गंमत दादाला कधीच दिसली नाही.

कारकिर्दीचा आरंभही आपण विचारात घ्यावा. तो उझित्से या पश्चिम सर्बियातल्या डोंगराळ भागातल्या गावचा. तिथल्या येदिन्स्त्वो आणि स्लोबोदा या क्लबांत सुरुवात करून आपल्या मुलाच्याच वयात तो घर सोडून बेलग्रेडला रेड स्टारच्या युवा संघात दाखल झाला. १९९९ च्या मार्च ते जून या काळात नाटोची विमाने सर्बियावर ७८ दिवस बाँब टाकत होती, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मग सुबोतित्साच्या स्पार्टाककडे उसना पाठवला गेला, परत येऊन कर्णधार झाला, दीड वर्ष मॉस्कोत काढले आणि जानेवारी २००६ मध्ये, सुमारे ७० लाख पौंडांत, मँचेस्टरला आला. रशियातला मोसम संपून गेलेला असल्यामुळे त्याच्या पायात सामने नव्हते, इंग्रजी येत नव्हते, आणि त्याच महिन्यात आलेल्या एव्हराप्रमाणे त्याचेही पहिले काही महिने अडखळतच गेले. अशा माणसाला फर्डिनंडने हाताला धरून मोठे केले, असे म्हणताना थोडा संकोच वाटायला हवा.

२००८ चा मॉस्कोतला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना तर सर्वांना पाठ आहे. अधिक वेळेची चार मिनिटे उरली असताना चेल्सीच्या ड्रोग्बाने विदिचच्या गालावर चापट मारली आणि लाल कार्ड घेतले. मग टायब्रेकरमध्ये चेल्सीच्या पाचव्या पेनल्टीला जॉन टेरी आला आणि पाय घसरून चेंडू खांबावर गेला. ड्रोग्बा मैदानात असता तर ती किक टेरीवर आलीच नसती, असे चेल्सीचे लोक मानतात. विदिचने त्या सामन्यात गोल केला नाही, पेनल्टी मारली नाही, फक्त एक चापट खाल्ली. स्टॉपरचे योगदान मोजायला गेले की असले काहीतरी हाती लागते.

मुलाने काय पाहावे, हे आता सांगतो. चेल्सीविरुद्धचा तो जानेवारीतला सामना पाहावा. पण लिव्हरपूलविरुद्धचाही पूर्ण पाहावा, केवळ २८ वे आणि ७६ वे मिनिट नव्हे. मधल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत, घरच्या प्रेक्षकांसमोर तोंड पोळलेले असताना, विदिच पुढच्या प्रत्येक उंच चेंडूवर जातो की मागे राहतो, हे त्याने वहीत लिहून काढावे. २००४ नंतर मी जाईनासा झालो होतो. उरलेले दोन मोसम मी प्रत्येक उंच चेंडूवर आधी मागे वळून गोलरक्षकाकडे पाहायचो, आणि मागे वळून पाहणारा स्टॉपर काय कामाचा असतो हे सांगायला नकोच. २००६ साली मी खेळणे थांबवले.

आणि मुलाच्या गोलरक्षकालाही एक गोष्ट सांगावी. ‘सोड’ अशी हाक कधीही मारू नये, कारण ती मैदानातला कोणीही मारू शकतो, विरुद्ध बाजूचा आघाडीपटूसुद्धा. बोलून प्रतिस्पर्ध्याला फसवणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवावे असे नियमांत आहे, परंतु पाच हजार समर्थकांच्या गलक्यात पंचाला ते ऐकू येईल ही आशा ठेवू नये. हाक ‘कीपर’ अशीच असावी, ती चेंडू निम्म्या वाटेत असतानाच यावी, आणि ती मारल्यावर गोलरक्षकाने रेषेवर उभे न राहता बाहेर यावे. हाक न मारणे हीसुद्धा गोलरक्षकाचीच चूक आहे. लांब चेंडू पडत असताना ज्याला समोरचे सगळे मैदान दिसते तो गप्प राहतो आणि ज्याची त्याच्याकडे पाठ आहे त्याने सगळे ओळखावे, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते, हे मी दादाला पुष्कळदा विचारले आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी युनायटेडचा चाहता आहे, त्यामुळे वरचे सगळे त्या हिशेबाने घ्यावे. वळताना विदिच संथ होता आणि मागे मोठी मोकळी जागा सोडून खेळणाऱ्या संघात तो इतका शोभला नसता. २००९ आणि २०११ या दोन्ही अंतिम सामन्यांत बार्सिलोनाने ते दाखवून दिले. देशासाठी ५६ सामने खेळूनही त्याच्या हाती मोठे यश आले नाही. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध त्याने हाताने चेंडू अडवून पेनल्टी दिली, ती स्तोयकोविचने रोखली म्हणून तो विजय टिकला, पण सर्बिया गटातच बाद झाला; आणि ऑक्टोबर २०११ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध त्याची स्वतःची पेनल्टी हंदानोविचने अडवली, त्यानंतर त्याने राष्ट्रीय संघच सोडला. त्याच डिसेंबरात बासेलमध्ये गुडघा गेला आणि पुढचा विदिच पूर्वीचा राहिला नाही, जरी २०१३ चे पाचवे लीग विजेतेपद त्याच्या खात्यावर आले. इंटर मिलानकडून पहिल्याच लीग सामन्यात पंचासमोर उपरोधाने टाळ्या वाजवून त्याने लाल कार्ड ओढवून घेतले, हे मला आवडले नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये तो निवृत्त झाला.

हे उत्तर लिहिण्यापूर्वी टोरेसच्या त्या गोलची चित्रफीत मी पुन्हा पाच-सहा वेळा पाहिली, कानाला हेडफोन लावून. व्हॅन डर सारने हाक मारली की नाही, हे प्रेक्षकांच्या आवाजात ऐकू येत नाही. दादाला फोन करून मी हे सांगितले. तो म्हणाला, “मारली असणार.”